बाबागाडीतले बाबा

धाकट्याच्या वेळी पुण्याच्या मामांनी आमच्या लातूरच्या घरी बाबागाडी आणली, तेव्हा आजी तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "ह्यात बाबा कसे मावायचे?" बाबा म्हणजे आमचे आजोबा, ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले, चांगले धिप्पाड. गाडी लेकरासाठी आहे म्हटल्यावर आजीनं निकालच दिला, "मग लेकरूगाडी म्हणा की!"

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं तोवर ऐकायला ती उरली नव्हती. बाबा हा शब्द मूळचा तुर्की, आणि अर्थ बापच. पण साहेबांच्या बंगल्यात मुलांनाच बाबा म्हणत, सगळी मिळून बाबालोग. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तशी नोंद आहे. इंग्रजी 'बेबी'ची सावली त्यावर पडली असावी, असा तर्कही आहे. आपल्या गाडीला त्याच बंगल्यातला बाबा चिकटला असावा, असं मला वाटतं. एवढा मिशाळ शब्द, दुपट्यात जाऊन निजला!

साहेबाची स्वतःची तऱ्हा तरी कुठं निराळी? त्याची प्रॅम म्हणजे पेरॅम्ब्युलेटर. लॅटिन मुळापाशी गेलं तर हिंडणारा, फिरणारा. मोजणीदार रस्ता मोजायला जे चाक ढकलत नेत, त्याचंही हेच नाव. ज्याला अजून कुशीवर वळता येत नाही, त्याच्या वाहनाला नाव भटक्याचं. उलट आपल्या सुतारानं करून दिलेला तीन चाकांचा लाकडी गाडा, ज्याला धरून पोर घरभर दुडदुडतं, तो मात्र पांगुळगाडा. त्यांनी निजलेल्याला चालता केला, आपण चालत्याला पांगळा. बाळांना व्युत्पत्ती कळत नाही, हे बरं.

आमच्या गाडीची गंजगोलाईतली पहिली फेरी शेवटचीच ठरली. जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं तिला मानवेल असा एकही निघाला नाही. धाकटा हादऱ्यांनी भोकाड पसरून रडला, आईनं त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या जागी मेथीच्या दोन जुड्या आणि एक भोपळा डुलत डुलत घरी आले. गाडी माळ्यावर गेली.

ती उतरली २०१६च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल. आईला आता कमरेवर घागर पेलवत नव्हती. तिनं गाडी पुसली, घागर आत नीट बसवली आणि धूळ जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं, टोपडं बांधावं तसं. टँकरवरून परतताना शेजारणीनं तिला बोळाच्या तोंडाशी गाठलं. बराच वेळ दोघी बोलत उभ्या होत्या, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाचं आटलं. आणि बोलता बोलता आई, तिचं तिलाही न कळत, दांडा धरून ती गाडी हळूहळू मागंपुढं करत होती.