आन दे, आन दे… बस्स!

पुण्यात ट्रक ड्रायव्हर व्हायचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात पैसे मिळतात, पण स्टिअरिंगला हात लावायचा नसतो. दुसऱ्यात स्टिअरिंग हातात येतं, पण त्याचे पैसे आपण भरायचे असतात. दहावीनंतर पुढे काय, यावर शहरात दर जूनला मेळाव्यांचं पीक येतं; त्यातल्या एकाही मेळाव्यात या पेचावर कोणी बोलत नाही. तेव्हा ही समाजसेवा आमच्याच गळ्यात.

निमित्त झालं टिंबर मार्केटातल्या एका ट्रान्सपोर्टच्या दारावर चिकटवलेल्या कागदाचं. ‘हेवी ड्रायव्हर पाहिजेत. अनुभव किमान ५ वर्षे. शिकाऊंनी चौकशी करू नये.’ आत शेठ कपाळाला हात लावून बसलेले. ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या उभ्या आहेत, हप्ते मात्र पळताहेत. मी विचारलं, “शेठ, शिकाऊ घेतच नाही म्हणता, मग पोरांनी पाच वर्षांचा अनुभव आणायचा कुठून?”

“दुसरीकडून,” शेठ म्हणाले.

दुसरीकडे गेलो. तिथल्या शेठनी तिसरीकडे बोट दाखवलं. तिसऱ्यांना पहिल्यांकडे तयार झालेल्या मुलांबद्दल फार आदर होता. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपर्यंत विचारत जा, उत्तर तेच. प्रत्येकाला दुसऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याचं डिझेल जाळून, दुसऱ्याचा माल सांडून तयार झालेला माणूस हवा आहे. जावई निवडतानासुद्धा लोक इतके हिशेबी नसतात.

तर मार्ग पहिला, पगारी उमेदवारी. सरकारी उमेदवारीशी हिची गल्लत करू नका. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, त्याखाली विद्यावेतन आहे. २०१९ च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना किमान ५,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरवून दिले. हे सगळं कागदावर असलेल्यांसाठी. ट्रकवरच्या उमेदवाराला क्लीनर म्हणतात, ड्रायव्हरच्या म्हणजे उस्तादाच्या तोंडी किन्नर, आणि त्याच्या हाती पडते ती खुराकी. खुराकी किती, हे उस्तादाचं जेवण झाल्यावर ठरतं. कामं म्हणाल तर ताडपत्री ओढायची, दोर आवळायचा, टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकायचा, स्टेपनी उतरवायची, काच पुसायची, चाकामागे दगड लावायचा. ही झाली किरकोळ कामं. खरं शिक्षण एकाच विषयाचं, आणि तो विषय म्हणजे ‘आन दे’.

गाडी रिव्हर्सला पडली की क्लीनर उडी मारून मागे धावतो आणि ओरडतो, “आन दे, आन दे, आन दे… बस्स!” ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय! पहिला ‘आन दे’ सैल असतो, मागे सगळं मोकळं आहे असा दिलासा देणारा. दुसरा जरा चढा. पुढचे एकमेकांच्या पाठीवर पाय देत येतात, आणि ‘बस्स’बरोबर फाळक्यावर थाप पडते. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. थाप उशिरा पडली तर त्यानंतरची थाप फाळक्यावर पडत नाही, क्लीनरच्या पाठीत पडते. शिक्षणशास्त्रात याला तात्काळ मूल्यमापन म्हणतात. चाकणच्या गोदामात धक्क्यापासून चार बोटांवर सोळा टन थांबवणारा क्लीनर मी पाहिला आहे. वय असेल सतरा, मिशीचा पत्ता नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मार्केट यार्डात पहाटे कांद्याच्या गाड्यांच्या दोन रांगा, मधे हमाल, हातगाड्या, चहाची किटली घेऊन निघालेलं पोरगं, आणि कुठलीच रांग न मानणारा एक बैल, एवढ्यांमधून हा मुलगा निव्वळ घशाच्या जोरावर दहा चाकं मागे नेतो. काही क्लीनर ‘आन दे’त डावं-उजवंही भरतात, शेवटचा स्वर किंचित डावीकडे ओढला की उस्ताद स्टिअरिंग तेवढंच फिरवतो. तीन-चार वर्षांत हा मुलगा त्या विषयाचा पंडित होतो. दुसऱ्याने चालवलेली गाडी मागे कशी येते हे त्याला झोपेतही सांगता येतं. स्वतः चालवलेली गाडी पुढे कशी जाते, हा धडा मात्र पुस्तकात नाही.

अगदीच नाही असंही नाही. त्याचा तास रात्री दोन ते चार या वेळात असतो, हायवेवर, भरलेल्या गाडीवर. उस्तादाच्या पापण्या जड होतात आणि तो म्हणतो, “धर रे जरा.” मुलगा धरतो. परवाना नाही, वय वीस झालेलं नाही, मागे उभं राहून कोणी ‘आन दे’ म्हणत नाही. सकाळी दोघेही चहा प्यायला उतरले तर मुलगा पास. या परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रातही येतो, पण फक्त नापासांचा.

मार्ग दुसरा, स्वखर्च. इथे कायदा दारातच उभा असतो. व्यावसायिक गाडीसाठी वय वीस पूर्ण हवं. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना हवा, आणि तो हातात येऊन वर्ष झालेलं हवं. म्हणजे ट्रक शिकायचा तर आधी मोटार शिका. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्या मुलांना ट्रक चालवायचा नसतो, आणि ज्यांना चालवायचा आहे त्यांच्या घरी मोटार फक्त दिवाळीला मामा आले की दिसते. आठवी पासची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. बरं झालं, आता शिकण्याच्या वाटेत शिक्षण तरी आड येत नाही. शिवाय ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र हवं, फॉर्म ५. चार वर्षं ‘आन दे’ म्हणून ज्याचा घसा बसला आहे त्यालाही ते हवंच. म्हणजे पगारी मार्गाने निघालेला मुलगा शेवटी स्वखर्चाच्याच काउंटरवर येऊन उभा राहतो, आणि साठवलेली खुराकी तिथे मोजून देतो.

नियमाने हेवीचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी हाकणं किमान १५ तासांचं. पंधरा तासांत पुण्याहून सुटलेला भरलेला ट्रक नागपूरला पोचला तर उस्ताद नारळ फोडतो. पण हे पंधरा तास तरी कसे भरतात ते एकदा बघावं म्हणून एका मैदानावर गेलो. केबिनमध्ये सर आणि पाच मुलं. एक चालवतो, चार बघतात. पहिल्याने गिअर खर्रकन टाकला की उरलेल्या चौघांचाही अनुभव वाढतो, असा सरांचा सिद्धांत आहे, आणि तास सगळ्यांच्या नावावर चढतात. गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाते, भिंत येते, गाडी थांबते. तिसरा गिअर मुलांनी नुसता ऐकलेला आहे. सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. मुलगा महिनाभर गाडी चालवतो आणि सर महिनाभर ती थांबवतात. प्रमाणपत्र देताना सरांचा पाय बरोबर देत नाहीत.

मी विचारलं, “सर, रिव्हर्सला ‘आन दे’ कोण म्हणतं?”

“त्याला माणूस लागतो. आपल्याकडे आरसे आहेत,” सर म्हणाले. दोन होते. एकात सर दिसत होते.

“आणि गाडी कायम रिकामीच?”

“भरलेली गाडी थांबायला वेळ घेते हो. पोरं घाबरतात.”

आता याच्यावर काय लिहायचं! ज्या एका गोष्टीसाठी ट्रक शिकायचा असतो तीच गोष्ट मुलं घाबरतील म्हणून शिकवायची नाही. सगळीकडे असंच आहे असं नाही. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांची सोय केली. तिथे मध्यम आणि जड वाहनांसाठी ३८ तास आहेत, सहा आठवडे आहेत, सिम्युलेटर आहे, खास ट्रॅक आहे. तिथून शिकलेला मुलगा आणून देतो, असं मी टिंबर मार्केटातल्या शेठना सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, “पडद्यावर शिकलाय का? मग पडद्यावरच माल पोचवू दे.” फी कोणाची, विचारलं तर म्हणाले, त्याच्या बापाची, पोरगं त्याचं आहे. आणि पाच वर्षांचा अनुभव? तो कागद अजून दारावर आहे.

मधल्या काळात पहिला मार्गही बुजवायला घेतला आहे. जड गाडीवर क्लीनर ठेवायची सक्ती काढून टाका, ही २०२५ च्या जुलैतल्या वाहतूकदारांच्या संपातली एक मागणी होती. क्लीनर नसला की दंडाचं चलन येतं, आणि क्लीनर तर मिळत नाही, असा युक्तिवाद. युक्तिवादात दम आहे. मागे कॅमेरा लावता येतो, कॅमेरा खुराकी मागत नाही, त्याच्या पाठीत थाप घालावी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसीसुद्धा सक्तीचा झाला. तेव्हा केबिन गार, कॅमेरा तयार, आणि स्टिअरिंगमागची जागा रिकामी. क्लीनर नको, शिकाऊ नको, फी भरायची नाही, आणि पाच वर्षांचा अनुभवी ड्रायव्हर मात्र उद्या सकाळी सहाला गाडीजवळ हवा. हा अनुभवी ड्रायव्हर काय टिंबर मार्केटात सागवानाबरोबर बर्म्याहून यायचा आहे?

इथवर गंमत होती. आता नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतार आहे. त्या उतारावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. काही जण इंजिनही बंद करतात. का? डिझेल वाचतं. गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. न्यूट्रलला टाकली की सगळं वजन ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते, पाय दाबून दाबून पाटीला टेकतो आणि गाडी पळतच राहते. इंजिन बंद असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे टाकीतली हवा आहे तेवढेच ब्रेक. हे सहावीच्या मुलाला समजेल. आणि हे न्यूट्रल कोणी शिकवलं? मैदानावर तर उतारच नव्हता. ते शिकवलं उस्तादाने, पहाटेच्या तासाला. उस्तादाला कोणी शिकवलं? ज्यांनी अ‍ॅव्हरेज काढलं तर बक्षीस आणि नाही काढलं तर पगारातून कापीन असं सांगितलं, त्यांनी. क्लीनरच्या खुराकीत वाचवलं, शिकवण्यात वाचवलं, उतारावर लिटर-दोन लिटर वाचवलं. आणि खाली पुलाजवळ घरी निघालेली माणसं आपापल्या गाडीत बसली होती, त्यांनी या बचतीची किंमत दिली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे डझनांनी गाड्या एकमेकींवर चढल्या. ती पहिली वेळ नव्हती, शेवटचीही ठरली नाही. दर वेळी रस्त्यावर नव्या पट्ट्या येतात, वेगाचे फलक येतात, पाहणी होते, पाहणी करणाऱ्यांचे फोटो येतात. ब्रेक फेल झाला, असं लिहून मोकळे होतात. पाच वर्षांचा अनुभव मागणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, पहिलं वर्ष त्याने कोणाच्या अंगावर काढायचं?

म्हणून माझा एक साधा प्रस्ताव आहे. हेवीची अंतिम परीक्षा याच उतारावर घ्यावी. गाडी सोळा टन भरलेली. मुलगा कुठल्याही मार्गाने शिकलेला चालेल. खाली, पुलाच्या अलीकडे, एक लहान मोटार उभी करावी, आणि तिच्या मागच्या सीटवर प्रमाणपत्रावर सही करणारे सर आणि अनुभव मागणारे शेठ यांना शेजारी शेजारी बसवावं. दोघांनी काच खाली करून मागे बघत ‘आन दे, आन दे’ म्हणायचं. ‘बस्स’ कधी म्हणायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

प्रस्ताव दोघांच्याही कानावर घातला. सर म्हणाले, पॅकेजमध्ये हे येत नाही, वेगळे पैसे पडतील. शेठना तत्त्वतः मान्य होतं. त्यांची एकच शंका होती : बोगद्यापासून पुलापर्यंत गाडी यायची, तिचं डिझेल कोणाच्या खात्यात टाकायचं?

मी म्हटलं, “शेठ, उतार आहे. तुमच्या हिशेबाने तिथे डिझेल लागतं कुठे?”