अंदाजपंचतन

बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणाच्या हाताची सालं निघालेली दिसली, की लोक विचारतात, "साबणकाकांकडे जाऊन आलात वाटतं?"

साबणकाका ही एक जमात आहे. पस्तीस वर्षं मुंबईत खुर्ची झिजवायची, निवृत्त होऊन गावचं घर उघडायचं आणि "सगळं घरीच करतो" म्हणत शेजाऱ्यांच्या जिवावर उठायचं. कुठे जांभळाची वाइन होते, कुठे गांडूळखत. आमच्या वाट्याला साबण आला.

काका बँकेत कॅशियर. संध्याकाळी रुपयाचा फरक आला तर अख्खी शाखा आठपर्यंत बसवून ठेवणारे. निवृत्तीच्या हाराबरोबर त्यांनी मोजणंही उतरवून ठेवलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने वाडीतले माड आडवे केले, पडवीत नारळांचा ढीग लागला, आणि लाईट नसलेल्या त्या दिवसांत काकांच्या डोक्यात साबण पेटला. "तेल, पाणी, कॉस्टिक सोडा. आहे काय त्यात?"

कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हे त्यांना काकूंच्या टोपाने फसफसून आणि काळं पडून सांगितलं. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही, हा नियम मात्र ते पाळतात. पहिल्या वेळी उलटं केलं होतं, चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

बाकी सारं अंदाजपंचे. एक किलो खोबरेल तेलाचा पुरता साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. आकडा त्यांना पाठ आहे. पण तेल घेतात लिटरच्या मापाने, आणि लिटरभर खोबरेल भरतं जेमतेम ९२० ग्रॅम. म्हणजे पंधरा ग्रॅम कॉस्टिक बिनकामाचं, ते आमच्या कातडीत काम शोधतं. एकदा खोबरेल कमी पडलं म्हणून निम्मं शेंगदाणा तेल घातलं. त्याला किलोमागे १३६च्या आसपास पुरतं. "तेल ते तेल," म्हणत काकांनी १८३च ठेवलं. त्या वडीने आमच्या मोरीची फरशी लखलखीत निघाली. आंघोळ मात्र कुणी केली नाही.

तक्रार घेऊन जावं तर परीक्षा होते. काका बोट ओलं करतात, वडीवर फिरवतात आणि जिभेच्या टोकाला लावतात. कॉस्टिक उरलं असेल तर ट्रान्झिस्टरच्या चौकोनी बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसतो. डोळे मिटतात, मान खांद्यात जाते, कान हलतात. मग घोटभर पाणी पिऊन निकाल येतो, "सौम्य आहे. तुझी कातडीच मुंबईची झालीय."

कधी दोष पावसाळी हवेला, कधी विहिरीच्या मचूळ पाण्याला. वास्तविक खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून तर तो जहाजांवर चालायचा. वडीवर पांढरी पूड दिसली की म्हणतात, "सोडा ॲश आहे, पुसून टाक." हे बरेचदा खरंही असतं. पण वडी कापल्यावर आत पांढरे, झोंबणारे खडे निघाले तरी तेच उत्तर!

शेवटी काकूंनीच एका दुपारी किसणी काढली. स्टीलची, टोपाचा अनुभव ताजा होता. वड्या किसल्या, थोडं पाणी आणि मोजून खोबरेल घातलं, मंद आचेवर घोटत राहिल्या. उरलेल्या कॉस्टिकला खायला तेल मिळालं आणि जिभेचा झटका थांबला. तरी अंग कोरडं पडेच, कारण नुसत्या खोबरेलाचा साबण अंगचं तेलही धुऊन नेतो. त्यात पाचवा हिस्सा तेल जास्तीचं राखावं लागतं, म्हणजे किलोला १८३ऐवजी १४६ ग्रॅमच कॉस्टिक. काकूंनी हे पाठीमागच्या दारावर खडूने लिहिलं आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा काकांसमोर ठेवला. "अहो, हा घ्या तुमचा गल्ला."

काट्यावरचे आकडे हलताना पाहिले आणि काकांच्या पाठीचा कणा ताठ झाला. घाणा मोजून झाला. वड्या महिनाभर फळीवर वाळल्या. साबण खरोखरच चांगला झाला. मी तोंडालाही लावला.

परवा रात्री दहाला दार वाजलं. काका. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काटा, बगलेत वही.

"कॉस्टिकचा डबा मोजला. दोन ग्रॅम कमी भरतंय. त्या घाण्यात जास्त पडलं असणार. तुझी वडी आण."

"काका, अर्धी वापरून झाली."

त्यांनी वही उघडली, चष्मा वर सरकवला.

"कुठल्या तारखेपासून?"