चाळीस टनांचं बिल

आमच्या घरात मी एकही वाक्य पुरं केल्याची नोंद नाही. "अगं, ते... तिथलं... ते" एवढं म्हटलं की चष्मा, पंचांग किंवा बीपीची गोळी, त्या घटकेला जे हवं असेल ते ही नेमकं पुढ्यात आणून ठेवते, आणि याच भांडवलावर मी पतसंस्थेतली नोकरी केली, मुलांची लग्नं लावली आणि सत्काराची शाल घेऊन माढ्यात घरी बसलो. अशा माणसानं साठीनंतर प्रोग्रॅमिंग शिकू नये.

पण आमच्या तालुक्याची हवाच तशी. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पोरांच्या पुस्तकांत क्यूआर कोड घालून कविता मोबाइलवर ऐकवू लागले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे वाचून मला भरून आलं. भरून आलं की मी काहीतरी विकत घेतो. या खेपेला लॅपटॉप घेतला.

पुण्यातल्या नातीनं पायथन सुचवली. "सोपी आहे, आबा." गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली लोकांपुढं ठेवली आणि नाव दिलं एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. विनोद कोणाचा होणार, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

या भाषेत ओळ कुठून सुरू होते यालाही अर्थ असतो. 'इफ'खालच्या ओळी सारख्या आत सरकवाव्या लागतात, शक्यतो चार-चार जागा. मी जन्मभर किर्द-खतावणी लिहिलेला माणूस, समास नजरेनंच सोडायचो, तसाच इथंही सोडला, कुठं तीन, कुठं पाच, आणि मशीननं लाल अक्षरांत प्रोग्रॅम परत केला. इतकं बारीक आमच्या ऑडिटरनंही कधी पाहिलं नव्हतं.

तरी उसाच्या बिलाचा प्रोग्रॅम तयार झाला. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. मशीननं टन विचारायचे, दरानं गुणायचे, रक्कम दाखवायची. मेव्हणे काट्याच्या पावत्या घेऊन आले होते, त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला, चाळीस टन टाकले आणि एंटर दाबलं. पडद्यावर चाळीस आलं, त्याला चिकटून आणखी चाळीस, मग आणखी, अशा चाळिसाच्या रांगा वरपासून खालपर्यंत भरल्या. मेव्हण्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"दाजी, यातले टीडीएसचे किती?"

नातीला फोन लावला. तिनं समजावलं की कीबोर्डवरून घेतलेला आकडा पायथन आधी नुसती अक्षरं म्हणून धरते, आणि अक्षरांना ३,५५० नं गुणलं की तीच अक्षरं तितक्यांदा ओळीनं लिहून देते. म्हणजे मेव्हण्यांच्या बिलात सात हजार शंभर आकडे होते. "आबा, तुम्ही सांगितलं तेच ती करते. मनातलं तिला कळत नाही."

मनातलं कळणारी यंत्रणा आमच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं फुकट चालू होती, त्यामुळं सांगणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, याचा सराव कधी झालाच नाही. नातीच्या सांगण्यावरून 'इंट' लावलं, तर पुढच्या पावतीवरचे ४०.२१५ टन मशीन घेईना. इंटला पूर्णांकच चालतो. मग 'फ्लोट' लावलं. पुन्हा चाळीस टाकले. १,४२,००० आले! मी मेव्हण्यांकडं पाहिलं, मेव्हण्यांनी हिच्याकडं.

ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोडणी-वाहतूक वजा केली का? आणि उतारा सव्वादहाच पडला, हे कुणी सांगितलं?"

तोडणी, वाहतूक आणि उतारा प्रोग्रॅममध्ये बसवायला मी लॅपटॉपवर वाकलो, लाल अक्षरं आली, ती घालवली, दुसरी आली, आणि तेवढ्यात मेव्हण्यांनी हिच्याकडून तोंडी हिशेब करून घेतला, चहा घेतला, ट्रॅक्टरही चालू केला. लॅपटॉप किती टनांना पडला, एवढं मात्र विचारून गेले.