फ्यूजदर्शन

फ्यूजबॉक्स डॅशबोर्डखालच्या अंधारात दडवणाऱ्या अभियंत्यांचे जाहीर अभिनंदन! विजेच्या मोटारीची मुख्य बॅटरी ४०० व्होल्टच्या घरातली, पण दिवे, वायपर, कुलपे अजून १२ व्होल्टवर, नखाएवढ्या फ्यूजच्या मर्जीने चालतात. एवढी मातब्बर वस्तू सहज सापडली, तर तिची किंमत ती काय राहिली? दर्शनासाठी मालकाने डोके पेडलपाशी आणि पाय सीटवर घ्यावेत; योगवर्गाची फी वाचते. कुठला फ्यूज कशाचा, हा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला. अनधिकारी व्यक्तीला ज्ञान नकोच. झाकण कुठे, ते पुस्तिकेत. पुस्तिका टचस्क्रीनवर. टचस्क्रीन बंद, फ्यूज उडालाय.

पुढच्या मॉडेलात सुटे फ्यूज बॉनेटखाली ठेवून बॉनेटचे कुलूपही त्याच फ्यूजवर चालवावे, ही कंपन्यांना नम्र विनंती.