शेपूट गिळणारी क्रियापदं

फ्रेंचमध्ये 'बोलणे' म्हणजे 'पार्ले'. मुंबईकराला हे क्रियापद पहिल्याच दिवशी घरचं वाटतं. स्टेशन तेवढं दिसत नाही. मग रूपावली सुरू होते. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, या चौघांचा उच्चार एकच: 'पार्ल'. लिहिताना मात्र 'तू'च्या मागे एस हवा आणि 'ते'च्या मागे ई-एन-टी. ही मंडळी लग्नातल्या मानकऱ्यांसारखी नटूनथटून ओळीत उभी राहतात, काम काडीचं करत नाहीत, आणि एखादा वगळला तर गुण कापले जातात.

आमच्या फ्रेंचच्या बाई शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून मोजायला लावत. 'ते बोलतात'चे कागदावर 'पार-लाँ' असे दोन तुकडे दिसावेत, तिथे बाईंची टाळी एकच. शुद्धलेखनाच्या तासाला तर कहरच. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात', दोन्ही 'इल पार्ल'! मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, एकटाच बोलतोय की अख्खी आळी?" बाई म्हणाल्या, "संदर्भ बघा." संदर्भ म्हणजे पुढचं वाक्य, आणि तेही तितकंच तोंड मिटून बसलेलं.

क्रियापद स्वराने सुरू झालं तर जरा दया होते. तो प्रेम करतो: 'इ-लेम'. ते प्रेम करतात: 'इल-झेम'. अनेकवचनाचा सगळा संसार एका 'झ'वर, तोही आपल्या 'झाडा'तला. 'इल-झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे, 'इल-सों' म्हणजे ते आहेत. पडसं झालेल्या माणसाने फ्रान्समध्ये मालमत्तेविषयी बोलू नये.

फ्रेंच शाळांतलं एक जुनं वाक्य आहे: मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. त्यात 'मठ' आणि 'उबवतात' यांचं स्पेलिंग तंतोतंत एक. पहिल्याचा उच्चार 'कु-व्हाँ', दुसऱ्याचा नुसता 'कूव्ह'. अशा भाषेत 1985 साली पत्रकार बर्नार पिव्होने शुद्धलेखनाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि ती टीव्हीवर गाजली. गाजणारच. तिकडे शुद्धलेखन हा साहसी खेळ आहे.

खरी गंमत कवितेत. बारा तुकड्यांच्या मापाची अलेक्झांद्रँ ओळ मोजताना शब्दाच्या शेवटी गिळलेला 'ई' परत हजर होतो. पुढे व्यंजन असेल तर रासिनच्या नाटकात 'पार्ल' चक्क दोन तुकड्यांचं होतं. ओळीच्या शेवटी आलं, की पुन्हा गप्प. भूतकाळातलं ए-आय-ई-एन-टी हे पाच अक्षरी शेपूट मात्र कवितेतही एकाच तुकड्यात आटपतं.

यावर हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. 'बसतात'मधला 'स' कोणी पूर्ण उच्चारला, तर तो नाटकात काम करतो का, अशी शंका येते. आणि भुजंगप्रयातातले मनाचे श्लोक म्हणायला बसलं, की हेच गिळलेले 'अ' एकेक करून मापात हजर!

माझा पुतण्या तुलूझला शिकतो. दक्षिण फ्रान्समध्ये शेवटचा 'ई' बोलतानाही ऐकू येतो, हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मला भरून आलं.

"म्हणजे ई-एन-टी पूर्ण म्हणतात?"

"नाही काका, ई तेवढा म्हणतात. एन-टी इथेही जेवणाबरोबर जातं."