दोनशे अक्षरांची उठाठेव

सावनेरात ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नसतं. विचारणाऱ्याला ते माहीत असतं आणि तो ते सांगणारच असतो. आपण फक्त ‘नाही बा’ म्हणायचं आणि पोह्यांवर आणखी थोडी तर्री मागायची. ‘हो, माहीत आहे’ म्हणणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं. गावात शहाणी माणसं किती, हे मला सांगता येणार नाही. पण ठाऊक असलेली गोष्ट दहाव्यांदा ऐकताना भुवया उंचावणारी सज्जन माणसं पुष्कळ आहेत. चौकातलं शहाणपण त्यांच्याच जिवावर टिकून आहे.

हाच प्रश्न घेऊन जगात काही माणसं वीसेक वर्षं फुकट राबताहेत, ही बातमी मला आमच्या गल्लीतल्या एका पोराकडून लागली. इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर फेब्रुवारी २००४ पासून एक सदर चालतं. ‘हे तुम्हाला माहीत आहे का, की...’ अशा थाटाची आठ-नऊ वाक्यं, वाचायला पाऊण मिनिट. त्यात एखादी अळंबी असते, एखादी बुडालेली युद्धनौका असते, बाखचा एखादा कँटाटा असतो. शेवटचं वाक्य शक्यतो जरा गमतीचं ठेवतात. हा संच चोवीस तास टिकतो. रांग फार लांबली की बाराच तास. जागतिक घड्याळाची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, म्हणजे सावनेरात दूधवाल्याची घंटी वाजते त्या सुमारास तिकडे जुनी वाक्यं उतरतात आणि नवी चढतात. हे चढवण्या-उतरवण्याचं काम एक सांगकाम्या, म्हणजे बॉट, करतो. त्याच्या आधीचं सगळं माणसं करतात, आणि गंमत अशी की त्यांना काम कोणीच सांगितलेलं नसतं.

पोरगा दिवसा नोकरी करतो आणि रात्री हे. त्याच्या आईचं म्हणणं, ‘परीक्षेच्या वेळी असा जागला असता तर आज कलेक्टर असता.’ मी तिला समजावायला गेलो की हे ज्ञानदान आहे. ती म्हणाली, ‘मंग दान दिवसा करावं.’

त्यातले नियम ऐकले की सातबारा सोपा वाटू लागतो. लेख नवा हवा, सात दिवसांच्या आतला. जुना असेल तर त्याचा मजकूर पाचपट वाढवलेला हवा, नाहीतर तो नुकताच ‘चांगला लेख’ ठरलेला हवा. मजकूर निदान १,५०० अक्षरांचा हवा आणि मुखपृष्ठावर जाणारं वाक्य २०० अक्षरांच्या आत बसायला हवं. वाक्यातली गोष्ट लेखात असली पाहिजे, आणि लेखात ती जिथे आहे तिथे तिचा संदर्भ लावलेला पाहिजे. जिवंत माणसाची उणीदुणी काढायची नाहीत. एवढं करून एकाने वाक्य सुचवायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने निवडून संचात बसवायचं, मग प्रचालकाने पुन्हा नजर टाकायची. मुखपृष्ठावर चढल्यावरही सुटका नाही. चूक नोंदवायची जागा वेगळी आहे आणि तिथे लोक टपून बसलेले असतात. अर्ध्या सेकंदात कोणीतरी ‘असं होय!’ म्हणून पुढे जावं, यासाठी ही सगळी यातायात.

यातला मला सर्वांत आवडलेला नियम आहेराच्या वहीसारखा आहे. पहिली पाच वाक्यं तुम्ही तशीच सुचवू शकता. नवखे आहात, घरचेच समजून घेतात. त्यानंतर मात्र आपलं प्रत्येक वाक्य पुढे करताना दुसऱ्या कोणाचं तरी एक तपासून द्यावं लागतं. त्यामुळे आमचा पोरगा एका रविवारी, बाहेर पोळ्याचे बैल सजत असताना, जर्मनीतल्या कुठल्याशा चर्चमधल्या ऑर्गनची खात्री करत बसला होता. बैल दारावर आले तेव्हा त्याला उठवायला मीच गेलो. ‘काका, पाच मिनिटं, याच्या पाइपांचा आकडा जुळून नाई राह्यला,’ असं तो म्हणाला. सावनेरात बसून त्या आकड्याची काळजी करणारा हा बहुधा इतिहासातला पहिलाच माणूस.

पण हे ‘पहिलाच’ तिथे चालायचं नाही. पहिला, एकमेव, सर्वांत मोठा, सर्वांत जुना ही विशेषणं दिसली की तपासणाऱ्यांचे कान टवकारतात. ‘पहिला’ कोणी ठरवलं? बाकीचे सगळे मोजले का? हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, कारण ही विशेषणं काढून घेतली तर नागपूर जिल्ह्याला आपल्याबद्दल बोलायला फार थोडं उरेल. आमच्याकडे मंगल कार्यालयसुद्धा आशियात दुसऱ्या क्रमांकाचं असतं. पहिल्या क्रमांकाचं कुठे आहे, हे विचारणारा पाहुणा अजून जेवायला यायचा आहे.

दुसरी आफत म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेलं चालत नाही. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी आमच्या सावनेरवरून जायची. २०१५ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. त्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पळत येऊन पुन्हा त्याच डब्यात बसायचं, हा पराक्रम गावातल्या पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक पुरुषाच्या नावावर आहे. मी पोराला म्हटलं, ‘हे टाक, जग वेडं होईल.’ तो म्हणाला, ‘काका, तुमी पाह्यलं म्हणून नाई चालत. कोणी छापलं पाह्यजे.’ मी म्हटलं, ‘अरे, पाच हजार साक्षीदार आणतो.’ ‘पाच हजार नको, एक पुस्तक आणा,’ असं तो म्हणाला. कोर्टात चालणारा साक्षीदार ज्ञानकोशात चालत नाही, हे पचवायला मला थोडे दिवस लागले. अर्थात ते बरंच आहे म्हणा. साक्षीदारांवर सोपवलं असतं तर बोरांची झाडं दर वर्षी वाढत गेली असती आणि गाडीचा वेग उतरत गेला असता. आदासाच्या गणपतीचंही तसंच. एकाच शिळेतली ती भव्य मूर्ती प्रत्येक भक्ताच्या सांगण्यात वेगळ्या उंचीची असते, आणि ज्याचा नवस फळलेला असतो त्याच्याकडे दोन फूट जास्त.

पांढुर्ण्याच्या गोटमारीला मात्र विशेषणाची गरजच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, हे साधं सरळ सांगितलं तरी परक्या माणसाचा चहा हातातच राहतो. सगळ्यांत चांगली वाक्यं अशीच निघतात, असं पोराचं मत आहे. फुगवायचं काही नसतं, फक्त आटवायचं असतं.

अशा कामाचा एक थोर पूर्वज न्यू यॉर्कात होऊन गेला. रॉबर्ट रिप्लेचं ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ हे चित्रसदर १९१८ साली सुरू झालं आणि जगभर गाजलं. रिप्ले देशोदेशी फिरला, श्रीमंत झाला, त्याच्या नावाची संग्रहालयं निघाली. पण सदरातल्या बहुतेक गोष्टी शोधून काढणारा माणूस नॉर्बर्ट पर्लरॉथ. १९२३ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षं, तो न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून पुस्तकं उलटत होता. अनेक भाषा त्याला वाचता यायच्या. सही रिप्लेची, धूळ पर्लरॉथच्या नाकात. अशा एका ओळीत केवढं बळ असतं, त्याचा दाखला याच सदरात आहे. अमेरिकेला अधिकृत राष्ट्रगीतच नाही, असं १९२९ साली रिप्लेने छापलं. लोकांना ते खरं वाटेना, मग ते खवळले, अर्जांचे गठ्ठे गेले आणि १९३१ साली कायदा होऊन राष्ट्रगीत मिळालं. आमच्या चौकातल्या एवढ्या वर्षांच्या ‘माहीत आहे का’मधून अजून नालीवरचं झाकणसुद्धा मिळालेलं नाही.

विकिपीडियावाले पर्लरॉथच्याच जातकुळीचे, फक्त पगार वजा. कोणी काय लिहिलं, कोणी कुठला स्वल्पविराम हलवला, हे लेखाच्या इतिहासात टोपणनावासह नोंदलेलं असतं, पण तिथे जाऊन पाहणारा वाचक विरळा. पंचवीस वाक्यं झाली की एक पदक, पन्नासला दुसरं, शंभराला तिसरं. पदक पडद्यावरच दिसतं. ते कपाटात ठेवता येत नाही आणि आईला दाखवलं तर ती चार्जर काढून घेते.

तसं नागपूरला या व्यवसायाचं वावडं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी जे मंडळ काढलं ते चक्क लिमिटेड कंपनी होतं आणि ते नागपूरचं होतं. भाग विकून ज्ञानकोश काढायचा ही कल्पना ज्या माणसाला सुचली, त्याला मी विदर्भाच्या हवेचं श्रेय देतो. २३ खंड पुरे झाले. भागधारकांना त्यात काय लाभ झाला हे विचारू नये. पुढे १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे गप्पांना चावडी आहे, सरावाला धूळपाटी आहे, आणि नियमित लिहिणारे हात मात्र मोजकेच. आमचा पोरगा तिथेही जातो. इंग्रजीत त्याचं वाक्य चौघं तपासतात. मराठीत तोच लिहितो, तोच तपासतो आणि कधीकधी स्वतःलाच धन्यवाद देऊन झोपतो.

हल्ली त्याने राम गणेश गडकरी घेतले आहेत. गडकरी नवसारीला जन्मले आणि २३ जानेवारी १९१९ ला आमच्या सावनेरात गेले, तेव्हा वय अवघं ३३. ही गोष्ट मी त्याला मोठ्या अभिमानाने सांगितली होती. तो म्हणाला, ‘काका, हे आपल्याला भारी वाटते. बाहेरच्याला नवसारी कुठी अन् सावनेर कुठी? अन् नागपूर-गडकरी टाकलं की पहिले रस्तेवाले गडकरी येते.’ मग त्याने स्वतःच दुसरं काढलं: ‘एकच प्याला’ हे गडकऱ्यांचं सर्वांत गाजलेलं नाटक, पण त्यातली पदं त्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. मी दाद दिली. गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाच्या नाटकात पदं दुसऱ्याची, हे वाक्य कोणालाही थांबवील. बाळकराम म्हणून विनोद लिहिणाऱ्या गडकऱ्यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘रिकामपणाची कामगिरी’ आहे, तेही मी सुचवलं, पण त्यात त्याला स्वतःवर टोमणा असल्याचा वास आला.

आता प्रश्न पुस्तकाचा. पदं गुर्जरांची, हे छापील पानासकट दाखवायचं. इंटरनेटवर ठिकठिकाणी लिहिलंय, पण पोराला कागद हवा होता. आम्ही गावातल्या एका निवृत्त हेडमास्तरांकडे गेलो. तरुणपणी त्यांनी गॅदरिंगमध्ये याच नाटकातला सुधाकर केला होता. त्यांनी ट्रंकेतून ‘एकच प्याला’ काढलं. फडक्यात बांधलेलं, पिवळं, कडा झडलेल्या. मुखपृष्ठ नव्हतं. त्यामागची तीन-चार पानंही नव्हती. म्हणजे गुर्जरांचं नाव जिथे असायचं, नेमकी तीच वाळवीने वाचलेली.

‘हे नाई चालत गुरुजी, ज्या पानावर नाव असते तेच नाई ह्यात,’ पोरगा म्हणाला.

‘नाव काय करतोस? पदं गुर्जरांचीच. मला विचार ना, पुस्तक कशाला पाह्यजे?’

‘तुमी सांगितलं म्हणून नाई चालत जी.’

गुरुजींनी आयुष्यात हे वाक्य बहुधा प्रथमच ऐकलं असावं. ते क्षणभर गप्प झाले, मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘बरं. सगळी पदं म्हणून दाखवतो. मंग तर पटन?’ आतून त्यांच्या सौभाग्यवतींनी चहाचं आधण कमी केलं, दार लावून घेतलं. गुरुजींनी सिंधूचं पहिलं पद घेतलं. सूर लागायला वेळ लागला, पण एकदा लागल्यावर सुटेना. दुसऱ्या पदानंतर पोराने मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्याकडे वाकून अगदी हळू विचारलं, ‘काका, एकूण पदं किती हायत जी यात?’