चकाकीचे अव्वल कारकून

घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे कापूस आणि मोसंबी यांच्या भावाखेरीज अन्य विषयावर घटकाभराहून अधिक बोलणे हे रिकामपणाचे लक्षण समजले जाते, तिथे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, पेन्शन वेळेवर मिळणारा आणि पत्र्याच्या शेडखाली फियाट 1100 डिलाइट बाळगणारा जो एक गृहस्थ असतो, तो मोटार चालवीत नाही. तो मोटार घाशीत असतो. त्याचे नाव विचारण्याचे प्रयोजन नाही. कचेरीत जे संबोधन त्याला चिकटले तेच गल्लीतही चालू राहते, म्हणून आपणही त्याला भाऊसाहेबच म्हणू. अंबडला जा, परतूरला जा, गोदावरी ओलांडून माजलगावाकडे वळा. कोणी ना कोणी भाऊसाहेब एखाद्या बंपरासमोर गुडघे टेकून बसलेले आढळतीलच. ज्यांनी प्रयत्नालाच देव मानले त्या समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे घनसावंगी तालुक्यातलेच. परंतु प्रयत्न नेमका कोणत्या वस्तूवर करावा याचा तपशीलवार खुलासा समर्थांनी करून ठेवला नसल्यामुळे भाऊसाहेबांची मोठीच सोय झाली आहे.

ही मिळकत त्यांच्याकडे आली ती खरेदीखताने नव्हे. सासरे जालन्याच्या मोंढ्यातले अडते. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून ही ‘डिलाइट’ बाहेर पडू लागली, तेव्हा परमिटांचा जमाना होता आणि पैसे भरून माणूस वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहत बसे. सासऱ्यांनी धाकटी लेक पाळण्यात असताना लावलेला नंबर ती पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली तेव्हा लागला. पुढे यथाकाल सासरे निवर्तले, वाटणीचा प्रसंग आला, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लेकीने आपल्या वाट्याच्या जमिनीचे भावांना हक्कसोडपत्र लिहून दिले. तेव्हा बहिणीला अगदीच रिकाम्या हाताने लावले असे चारचौघांनी म्हणू नये एवढ्यासाठी मेहुण्यांनी, जी वस्तू त्यांना नाही तरी वाड्याबाहेर काढायचीच होती, ती मोठ्या अंतःकरणाने भाऊसाहेबांच्या दारात आणून उभी केली. जालन्याच्या अंगाने समृद्धी महामार्ग गेल्यावर त्या जमिनीचे काय मोल झाले हा विषय त्या लेकीसमोर, म्हणजे आपल्या काकूंसमोर, काढू नये. भाऊसाहेब फडके घेऊन बसले की काकू चहाचा कप शेडच्या खांबाशी ठेवतात आणि म्हणतात, “घासा, घासा. माझी चार एकर काळी आहे ती. जरा नीट घासा.”

भाऊसाहेब नीटच घासतात. ज्या काळात औरंगाबाद जिल्ह्यातून जालना हा नवा जिल्हा निघाला आणि दफ्तरांचे गठ्ठे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत वाहून नेण्यात आले, त्या 1981 साली ते नोकरीला लागले. वर्गवारी केल्याखेरीज कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, हा संस्कार त्यांच्यावर तेव्हाच झाला. सामान्य मनुष्य मोटारीवर जे जे चकाकते त्या सर्वाला सरसकट क्रोम म्हणून मोकळा होतो. भाऊसाहेबांच्या लेखी ही भलत्याच्या नावावर भलत्याची नोंद होय. त्यांनी गाडीसाठी एक स्वतंत्र नोंदवही आखली असून तीत प्रत्येक तुकड्याचा अनुक्रमांक, जात, हल्लीची स्थिती आणि शेरा असे रकाने आहेत. बंपर हे मूळचे पोलादाचे. त्यावर तांबे, तांब्यावर निकेल आणि सर्वांच्या वर क्रोमियम, अशी ही तीन पिढ्यांची वहिवाट. दाराच्या मुठी जस्ताच्या ओतीव. त्यांच्यावर उतारवयात जे बारीक फोड येतात ते आतून आलेले असतात, सबब कोणत्याही पॉलिशाचा अर्ज तिथे चालत नाही आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘निकाली’ एवढेच लिहिलेले आहे. काही पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, काही स्टेनलेसच्या, आणि पाठीमागची एक पट्टी, जिची जात अद्याप ठरलेली नाही, ती ‘चौकशीवर’ आहे.

या वर्गवारीला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की येथे प्रत्येक जातीला कायदा निराळा आहे. काकूंचा तांब्याचा हंडा ज्या चिंचेच्या कोळाने क्षणात उजळतो, त्या चिंचेला बंपराशी कसलेही कर्तव्य नाही. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियम स्वच्छ होण्याऐवजी काळवंडते, कारण क्षार त्या धातूला खातो. स्टेनलेसच्या बाबतीत तर गल्लीतल्या एका उत्साही पोराने, भाऊसाहेब लग्नकार्याला परगावी गेले असता, त्यांना प्रसन्न करण्याच्या सद्हेतूने भांडी घासायची लोखंडी तार घेऊन अख्खी पट्टी खसाखसा घासून ठेवली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या न गंजणाऱ्या म्हणून नावाजलेल्या पट्टीवर गंजाचे तांबडे ठिपके उमटले. गंज पट्टीचा नव्हता. तारेचे कण तिच्यात रुतून राहिले होते आणि ते गंजले होते. भाऊसाहेबांनी कसून चौकशी केली, मूळ गुन्हेगार तार आहे असा निष्कर्ष काढला, आणि तरीही त्या पोराला शेडच्या चतुःसीमेत पुन्हा पाऊल ठेवू दिलेले नाही.

त्यांच्या कामाची वेळ सकाळची, ऊन पत्र्यावर चढण्याच्या आत. कारण तापलेल्या धातूवर पाणी ठरत नाही आणि पॉलीश वाळून डाग धरते. आधी साध्या साबणाच्या पाण्याने धुणे, हे पहिले कलम. आमच्याकडच्या काळ्या मातीचा धुरळा दिसायला मऊ, परंतु कोरड्या फडक्याखाली सापडला की ओरखडे काढण्यात तो कोणाला हार जात नाही. मग नातवाच्या डब्यातल्या पोळ्या गुंडाळण्यासाठी आणलेल्या चंदेरी कागदाचा एक तुकडा, काकूंची पाठ वळलेली पाहून, सदऱ्याच्या खिशातून निघतो. तो चुरगाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि गंजाच्या ठिपक्यावर लहान लहान वर्तुळांत फिरवायचा. ॲल्युमिनियम हे क्रोमियमहून मऊ, म्हणून ते गंज उचलते आणि मुलाम्याला धक्का लावीत नाही. इतका विचारी अंमलदार आपल्या उभ्या नोकरीत भेटला नाही, असे भाऊसाहेब म्हणतात. प्रथम खर्र खर्र असा आवाज येतो, बोटांखाली करडी-काळी राड जमते, आणि थोड्या वेळाने तो आवाज बारीक होत होत नाहीसा होतो. हा आवाज थांबणे म्हणजे काम झाल्याची पोच. भाऊसाहेबांचे डोळे मोतीबिंदूने अधू झालेले असले तरी कान शाबूत आहेत. ते गंज ऐकून काढतात. शेवटी फडके फिरते तेही जुन्या सुती धोतराचेच, टेरिकॉटचे नव्हे. धोतर नेसणारा माणूस नाहीसा होत चालला हे मराठी संस्कृतीचे अपरिमित नुकसान आहे, असे ते कळवळून बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला त्यांच्या देशाभिमानाचे कौतुक वाटते, कारण त्यांना फडक्यांची चिंता आहे हे त्याला ठाऊक नसते.

दुपारी मोंढ्यावरून परतणारे शेतकरी शेडपाशी क्षणभर टेकतात. जालन्याच्या भट्ट्यांतून निघालेल्या सळया राज्यभरातल्या स्लॅबांत जातात. ट्रकच्या ट्रक सळई गंजाचा तांबडा वर्ख लेवूनच बांधकामावर उतरते आणि कोणाचे काही अडत नाही. अशा जिल्ह्यात राहून एका ठिपक्यासाठी सकाळभर खपणारा माणूस पाहिला की शेतकऱ्याला प्रश्न पडतो आणि तो सरळ विचारतो, “भाऊसाहेब, गाडी चालू हाय का?” भाऊसाहेब त्यावर किंचित दुखावल्या स्वरात उत्तर देतात, “चालण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे.” तो खरोखरच स्वतंत्र आहे. इंजिनाची फाइल कोणत्या साली बंद झाली हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचे अधिकारक्षेत्र बाह्यांगापुरते. आत काय चालले आहे वा चाललेले नाही, यात लक्ष घालणे म्हणजे दुसऱ्या खात्याच्या कारभारात ढवळाढवळ करणे, असे त्यांचे मत असून ज्याने सरकारी नोकरीत हयात काढली आहे त्याला ते अमान्य करता येणार नाही.

एका गोष्टीने मात्र त्यांची झोप उडवली आहे. क्रोमियमचा तो वरचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. खरी जाडी आणि खरा भार खालच्या निकेलचा. क्रोमियमची झाक निळसर, निकेलची पिवळसर. वर्षानुवर्षे पॉलीश लावून लावून पुढच्या बंपराचा डावा कोपरा, म्हणजे चहा पिताना आणि पाहुण्यांशी बोलताना त्यांचा हात आपोआप जिथे फिरत असतो तो कोपरा, अलीकडे पिवळसर दिसू लागला आहे. काकूंनी ते सर्वांआधी पाहिले. “अहो, सोन्याचं निघालं की काय हे?” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चार एकरांची एक क्षीण आशा होती. भाऊसाहेब काही बोलले नाहीत. ज्या मालमत्तेचे आपण रक्षण करीत होतो तिची हद्द आपणच रोज थोडी थोडी कोरीत आलो, हे त्यांना उमगले होते. आणि जो प्रकार कोणत्याही तलाठ्याने केला असता तर त्यांनी त्याची खातेनिहाय चौकशी लावली असती, तो स्वतःच्या हातून घडल्यावर त्यांनी नोंदवहीत शेरा मारला तो असा: ‘नैसर्गिक झीज.’

नवा मुलामा चढवून घ्यावा, असा सल्ला त्यांना पुष्कळांनी दिला. वाळूजकडे कारखान्यांची वसाहत आहे, बंपर उतरवून पाठवला तर जुना थर काढून नवा चढवून मिळेल, हे त्यांना माहीत आहे. परंतु मूळ कागदाच्या जागी नक्कल ठेवायची ही कल्पनाच त्यांना मानवत नाही. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरअखेर डिलाइटचीच वंशज असलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायद्याने रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकाने लिहिले. भाऊसाहेबांनी त्याच दिवशी मुंबईतल्या भाच्याला फोन करून, त्या मयत टॅक्सींच्या अंगावरचे अलंकार कुर्ल्याच्या भंगारबाजारात काय भावाने मिळतात याची विचारणा केली. भाच्याने जाळी पाठवली. ती उत्तरकालीन पद्मिनीची निघाली. डिलाइटच्या तोंडाला ती बसेना, आणि बसली असती तरी भाऊसाहेबांनी ती बसू दिली नसती. ती सध्या काकूंच्या तुळशीवृंदावनाभोवती शेळ्यांना अटकाव करण्याच्या कामी आहे आणि तिथे तिचे काम समाधानकारक आहे.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, गाडीला उजेड दाखवावा लागतो. इतरांच्या ट्रॅक्टरांना आणि बोलेरोंना हळदीकुंकवाचे सढळ पट्टे ओढले जातात, झेंडूच्या माळा आरशांना करकचून बांधल्या जातात, चाकाशी नारळ फुटतो. डिलाइटची पूजा मात्र विड्याच्या पानावर कुंकू ठेवून ते पान बॉनेटपासून वीतभर अंतरावर धरून केली जाते. ओला झेंडू पट्टीवर रात्रभर राहिला तर डाग पडेल, या भयाने माळ भाऊसाहेबांच्या स्वतःच्या गळ्यात घातली जाते. आणि नारळ शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपुढे फोडून त्याचे पुण्य इकडे वर्ग केले जाते.

अशा माणसाच्या आयुष्यात सरकारने कधी हात घातला तर तो वाकडाच असणार, असे आपल्याला वाटते. पण 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरणार, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येणार, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांखेरीज नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही! भाऊसाहेबांनी ते कलम तीनदा वाचले, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले. जी गोष्ट त्यांनी आजवर कधीच केली नव्हती, ती करण्यास आता खुद्द हिंदुस्थान सरकारची मनाई झाली होती. “पाहिलंस?” ते काकूंना म्हणाले, “चालवायची नसतेच ती.” नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे हे कळल्यावर काकू फक्त एवढेच म्हणाल्या, “म्हणजे आता पाचवा एकर.”

गाडी पाहून तिची पात्रता ठरवण्यास समिती असते, असे त्याच नियमांत आहे, आणि तेव्हापासून समितीतल्या सभासदांना बंपराला हात लावून पाहण्याची खोड असेल काय, या एकाच विवंचनेत ते आहेत. अखेर त्यांनी समितीस उद्देशून एक अर्ज सिद्ध केला. त्यात गाडीची चतुःसीमा, धातूंची जातवार यादी, हक्कसोडपत्राचा हवाला आणि डाव्या कोपऱ्याच्या नैसर्गिक झिजेविषयीचे निवेदन असून, पाहणी शक्यतो नजरेनेच व्हावी, हस्तस्पर्श अपरिहार्य झाल्यास तो थेट होऊ नये, अशी नम्र विनंती आहे. सहीच्या डाव्या अंगाला, जुन्या कारकुनी वळणाच्या अक्षरात, लिहिले आहे: सोबत – धोतराचे फडके, धुतलेले, नग 5.